नाकाचा सांगाडा: बरगडी, कान की कवटी?

मुठेकाठी

कावसजीच्या नाकाची गोष्ट इथे बहुतेकांना पाठ आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा माणूस, १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती लागला, नाक आणि एक हात गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक केलं. क्रूसो आणि फिंडले हे मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर ते बघत होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने हकीकत छापली आणि तिच्याच आधाराने १८१४ मध्ये कार्पू या सर्जनने लंडनमध्ये तेच करून बघितलं. आपल्याकडच्या चर्चा इथवर येतात, स्वतःची पाठ थोपटतात आणि थांबतात.

त्या हकिकतीतला एक बारीकसा तपशील मला कायम खटकत आलाय. मेणाचा साचा, तो कपाळावर ठेवून आखलेली रेघ, भुवयांमध्ये न कापता राखलेली कातडीची पट्टी, काथ लावलेल्या चिंध्या, चार दिवसांनी तूप, पंचविसाव्या दिवसाच्या आसपास ती पट्टी कापणं, हे सगळं चोख आहे. पण दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे म्हणजे भोकं उघडी राहतील, असंही त्यात आहे. बोळे कशाला? कारण आत काहीच नाही. हाड नाही, कूर्चा (शाळेच्या पुस्तकातली कास्थी) नाही, अस्तरही नाही. कपाळाची कातडी कितीही उत्तम असली तरी तिची आतली उघडी बाजू भरून येताना आकसते आणि नाकपुडीलाही आपल्याबरोबर मिटवत नेते. सुश्रुतसंहितेतही नव्या नाकात दोन नळ्या ठेवायला सांगितल्यात. म्हणजे दुखणं जुन्यांना पक्कं ठाऊक होतं, औषध हाताशी नव्हतं.

मी पेशाने भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. नाकाच्या शस्त्रक्रियेत डोक्याकडची जागा सर्जनची, त्यामुळे आम्ही नळ्या लांब करून बाजूला सरकतो आणि बघत बसायला भरपूर वेळ मिळतो. इतकी वर्षं बघून झालेलं माझं मत सांगते. कौतुक सगळं कातडीच्या वाट्याला जातं, पण नाक उभं राहतं आतल्या सांगाड्यावर, आणि तो सांगाडा जगतो त्याच्याही आतल्या अस्तरावर. बाहेरून कातडी, मध्ये आधार, आत ओलं अस्तर. तिन्ही थर गेले असतील तर तिन्ही परत द्यावे लागतात.

आता आधाराबद्दल. नाकाचा वरचा साधारण तिसरा हिस्सा हाडाचा, चष्मा टेकतो तो. त्याखाली सगळा कूर्चेचा कारभार. मधला पडदा, दोन्ही बाजूंच्या भिंती, शेंड्याशी वळलेल्या दोन कूर्चा. गंमत नाकपुडीच्या बाहेरच्या काठाची आहे. गालाला लागून असलेल्या त्या फुगीर भागात कूर्चा नसतेच म्हणा, नुसती चरबी आणि तंतू. तरी नवी नाकपुडी करताना तिथे कूर्चेची पट्टी घालावीच लागते. निसर्गाने जे तिच्याशिवाय निभावलं ते आपल्याला निभावत नाही, कारण बाहेरून आणलेली कातडी आकसून काठ वर ओढते, आणि श्वास आत घेताना मऊ भिंत आत खेचली जाते.

हे सामान आणायचं कुठून? नाकाच्याच पडद्यातून, कानाच्या वाटीतून, बरगडीतून, नाहीतर हाड हवं असेल तर कवटीतून किंवा कमरेतून. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. पडद्याची कूर्चा सरळ आणि गुणी, पण थोडी. वरची आणि पुढची एकेक सेंटिमीटरची कड राखावी लागते, नाहीतर असलेलंच नाक बसतं. कानाची मुळात वळलेली, म्हणून नाकपुडीला छान, पण सरळ कण्यासाठी नाठाळ. बरगडीची भरपूर, पण ती वाकते. हाडाबद्दल मी मुद्दाम कमी लिहितेय, कारण मला ते फारसं आवडत नाही. ज्यांना आवडतं त्यांनी यावं.

टवाळ_तात्या

पहिला! न्यूयॉर्कच्या कुणा डॉक्टरने रोग्याच्या नाकात बदकाचं हाड बसवलं होतं असं ऐकलंय. खरं की आमच्यासारख्या टवाळांनी उठवलेली आवई?

मुठेकाठी

खरं आहे तात्या. रॉबर्ट वेअर, १८९२. बसलेल्या नाकात बदकाच्या छातीचं हाड. टिकलं नाही. पण तो काळच तसा होता. सिफिलिसने बसलेली नाकं दवाखान्यात सर्रास दिसायची आणि आत काहीतरी टेकू द्यायला हवा एवढं सगळ्यांना कळलं होतं. चारच वर्षांनी बर्लिनच्या जेम्स इस्राएल या सर्जनने रोग्याच्या स्वतःच्या नडगीचं हाड वापरलं, आणि शतक पालटताना फॉन मांगोल्टने बरगडीची कूर्चा. त्यातली बरगडी आजही सुरू आहे.

काळाकातळ

सुंदर धागा. थोडी इतिहासाची भर.

कावसजी हे नाव पारशी वाटतं म्हणून त्याला पारशी म्हणणारे बरेच लेख आहेत, पण मॅगझिनच्या मजकुरात त्याला शेती करणाऱ्या जातीतला मराठा म्हटलंय. नाव इंग्रजांनी ऐकलं तसं लिहिलं असणार. त्याचं जे चित्र सगळीकडे फिरतं ते जेम्स वेल्सचं. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं ज्याने काढली तोच वेल्स. आपल्याकडे या कारागिराला कुंभार म्हणायची पद्धत पडलीय, मूळ शब्द वीटकाम करणारा असा आहे. त्याचं नाव मात्र कुणीही लिहून ठेवलं नाही. रोग्याचं नाव राहिलं, साक्षीदारांची राहिली, चित्रकाराचंही राहिलं.

युरोपात याच्या दोनशे वर्षं आधी बोलोन्याच्या ताल्याकोत्सीने दंडाच्या कातडीचं नाक करून १५९७ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. रोग्याचा हात आठवडेच्या आठवडे नाकाशी बांधून ठेवायचा. सांगाडा तिथेही नाही.

चिमटा

कान-नाक-घसावाला हजर. मुठेकाठीताई, हाडाची बाजू कुणीतरी घ्यायलाच हवी, पण आधी कूर्चेचं सांगतो, म्हणजे फरक कळेल.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या पेशी आजूबाजूच्या ओलाव्यातून झिरपून येणाऱ्या अन्नावर जगतात. त्यामुळे एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवली तरी तिला फारसं कळत नाही. वरची कातडी आणि खालचं अस्तर जिवंत असलं की झालं. हाडाचं तसं नाही. उचललेल्या हाडात नव्या रक्तवाहिन्या शिराव्या लागतात, जुनं हाड हळूहळू खाल्लं जाऊन नवं घडावं लागतं. त्यासाठी त्याचं एक टोक तरी जिवंत हाडाला घट्ट भिडलेलं हवं, आणि हलता कामा नये. हललं की विरघळलं.

मग हाड घालायचं कधी? नाकाचं मूळच नाहीसं झालेलं असतं तेव्हा. मोटारसायकलचा अपघात, हेल्मेट नाही, दोन डोळ्यांमधला भाग आत दाबला गेलेला. नाकाची हाडं चुरा, पडदाही गेलेला. अशा ठिकाणी बरगडीची कूर्चा ठेवायला खाली जमीनच उरत नाही. तिथे कवटीच्या बाहेरच्या थराची पट्टी घेतात, भुवयांच्या मधोमध कपाळाच्या हाडाला स्क्रूने धरतात आणि पुढे नाकाचा कणा म्हणून अधांतरी ठेवतात. पॅरिसच्या पॉल तेसिए यांनी ८० च्या दशकात कवटीचं हाड घेण्याची पद्धत रुळवली. जखमेचा व्रण केसांत लपतो, दुखतंही कमरेपेक्षा खूप कमी. कमरेचं हाड जास्त विरघळतं हा जुना अनुभव. पूर्वी त्याचं कारण दोन्ही हाडं गर्भात वेगळ्या रीतीने घडतात असं सांगायचे. आता कवटीचं हाड घट्ट असतं आणि कमरेचं जाळीदार, याला जास्त महत्त्व देतात.

२०२१ च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) रोग्यांत टाळू, वरचा जबडा, कधी नाकाचा आधार असं काय काय काढावं लागलं ते इथल्या बऱ्याच जणांनी जवळून पाहिलं असेल. अशांपैकी काहींना तरी हाड लागतंच.

मुठेकाठी

मान्य. पण शेंडा? हाडाचा कणा शेंड्यापर्यंत नेला की नाक लाकडासारखं होतं. शिंकताना, उशीवर कूस बदलताना, नातवाने डोकं आपटल्यावर नाक दबलं पाहिजे आणि परत आलं पाहिजे. हाड दबत नाही, मोडतं किंवा वरची कातडी टोचून बाहेर येऊ बघतं.

चिमटा

म्हणूनच शहाणा सर्जन हाड शेंड्याच्या अलीकडे थांबवतो आणि पुढे कूर्चा जोडतो. वर हाड, खाली कूर्चा, जसं मुळात असतं तसं. यावर तुमचं-माझं भांडण नाही. माझं म्हणणं एवढंच की 'आवडत नाही' म्हणून कपाट बंद करू नका.

शाडूमाती

मी वैद्यकातला नाही, गणपतीच्या कारखान्यात वाढलेला. शाडू वाळताना आकसते आणि आत काठी नीट नसेल तर नेमक्या बारीक जागी तडकते: सोंड, बोटं, कानाची कड. धागा वाचताना तेच आठवत होतं.

चिमटा

उपमा चालेल, पण मातीला रक्तपुरवठा लागत नाही. आमची काठी बारीक पडली तर नाक आकसतं, आणि जाड झाली तर वरची कातडी काळी पडते.

रानजाई

मी रोग्याच्या बाकावर बसलेली आहे म्हणून लिहिते. लहानपणी नाकावर मार बसला, आत रक्त साठून पू झाला, कुणाच्या लक्षात आलं नाही आणि पडद्याची कूर्चा विरघळली. मोठी होईपर्यंत नाक मधोमध खचलेलं. 'चिनी' ते 'बॉक्सर' सगळी नावं ऐकून झाली. श्वासाचा त्रास वेगळाच.

पहिल्या डॉक्टरांनी (नाव आणि गाव नको) कानाची कूर्चा घालून कणा उंचावला. वर्षभरात उजवीकडे गोळा, डावीकडे खड्डा. मग दुसरीकडे बरगडी. छातीखालच्या घडीत बोटाएवढा छेद. नाक दुखलंच नाही म्हटलं तरी चालेल, बरगडीने मात्र जीव काढला. हसायचं नाही, खोकायचं नाही, रिक्षात खड्डा आला की देव आठवायचे. आता नाक सरळ आहे आणि दोन्ही बाजूंनी श्वास घेता येतो. शेंडा थोडा कडक लागतो, पण सवय झाली.

विचारायचं होतं की बरगडी वाकते म्हणजे नेमकं काय? मला कुणी ते समजावून सांगितलं नाही, फक्त 'थोडं वाकू शकतं' म्हणून सही घेतली.

चिमटा

रानजाई, पहिलं महत्त्वाचं सगळ्यांसाठी: मुलाला नाकावर मार लागला, नाक दोन्ही बाजूंनी बंद झालं, की त्याच दिवशी आत टॉर्च मारून बघून घ्या. पडद्यात रक्त साठलं असेल तर ते लगेच काढावं लागतं. कूर्चा तिच्या आवरणातून झिरपणाऱ्या अन्नावर जगते आणि रक्ताची गाठ नेमकी आवरण आणि कूर्चा यांच्यात बसते. तीन-चार दिवसांत ती मरायला लागते, त्यात जंतू शिरले की सगळाच खेळ आटोपतो. बाहेरून नाक मोडलेलं दिसत नाही, म्हणून घरी बर्फ लावून सोडून देतात.

आता वाकण्याचं. बरगडीच्या कूर्चेच्या बाहेरच्या थरात ताण असतो, आतला गाभा फुगू बघत असतो. अखंड असताना दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. एका बाजूचा थर सोलला की तोल जातो आणि पट्टी उरलेल्या थराच्या बाजूला वळते. ग्लासगोच्या गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये हे नीट मांडलं आणि उपाय दिला: कापताना सगळ्या बाजूंनी सारखं काढा, तुकडा गाभ्यातून घ्या. त्यामुळे आजही चांगले सर्जन पट्टी कोरली की सलाइनमध्ये टाकून ठेवतात, मधल्या वेळात दुसरं काम करतात आणि मग ती किती वळली ते पाहून कुठली कुठे लावायची ते ठरवतात.

मुठेकाठी

आणि त्या मधल्या वेळात आमचं काम असतं. बरगडीची कूर्चा सोडवताना खाली फुफ्फुसाचं आवरण अगदी चिकटून असतं. ते फाटलं की नाही हे बघायला सर्जन छातीच्या जखमेत सलाइन भरतात आणि मला सांगतात, फुगा दाबून धरा. मी फुफ्फुसं फुगवून धरते आणि सगळे त्या पाण्याकडे बघत राहतात. बुडबुडा आला नाही तर टाके घालायचे. आला तर तिथल्या तिथे दुरुस्ती होते, घाबरण्यासारखं नसतं, पण त्या काही सेकंदांत थिएटरमध्ये कुणी बोलत नाही. नाकाचं ऑपरेशन आणि छातीचा एक्सरे कशासाठी, असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर हे.

पन्नाशी-साठीनंतर बरगडीची कूर्चा हाडासारखी कडक होत जाते, कोरताना तुकडे पडतात. म्हणून काही जण आधी सीटी काढून बघतात.

सिंगापुरी_भेळ

मूर्ख प्रश्न असेल, पण एवढी काटछाट कशाला? माझ्या ऑफिसात निम्म्या मुलींनी नाकात सिलिकॉन बसवलंय. तासाभराचं काम, छाती-कान काही फाडायचं नाही.

चिमटा

मूर्ख अजिबात नाही. पूर्व आशियात नाकाचा कणा उंच करायला सिलिकॉन खूप वापरतात आणि धडधाकट, जाड कातडीच्या नाकात ते पुष्कळदा वर्षानुवर्षं ठीक राहतं. पण तुमच्या मैत्रिणींचं नाक शाबूत आहे, फक्त थोडी उंची हवी होती. इथे आपण बोलतोय कर्करोग, अपघात, संसर्ग यांनी गेलेल्या नाकाबद्दल. कातडी पातळ, व्रणांनी भरलेली, आतलं अस्तर नुकतंच जोडलेलं. तिथे परकी वस्तू घातली की कधी ना कधी जंतू धरतात, कातडी पातळ होत जाते आणि एक दिवस शेंड्यावर पांढरं काहीतरी चमकतं. स्वतःची कूर्चा उघडी पडली तर निदान ती वाचवायची थोडी तरी आशा असते.

सोप्या वाटेचा मोह जुनाच आहे. व्हिएन्नाच्या गेर्सुनीने १९०० च्या सुमारास पॅराफिन टोचायची टूम काढली. बसलेलं नाक पाच मिनिटांत उंच! मग ते पॅराफिन सरकायला लागलं, गाठी झाल्या, कातडी फुटली. ते निस्तरायला पुढे कित्येक वर्षं गेली.

इस्तंबूलच्या एरोल यांची २००० मधली युक्तीही सांगण्यासारखी आहे. कूर्चेचे अगदी बारीक तुकडे करायचे, रक्त थांबवायला वापरतात त्या विरघळणाऱ्या जाळीत गुंडाळायचे आणि ती वळकटी कण्यावर सरकवायची. मिठाईवरून त्यांनी तिला 'टर्किश डिलाइट' म्हटलं. वाकायचा प्रश्नच मिटला. पण २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डॅनियल आणि कॅल्व्हर्ट यांनी दाखवलं की त्या जाळीत गुंडाळलेले तुकडे त्यांच्या रोग्यांत विरून गेले, आणि कानशिलावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून त्यात गुंडाळले तर टिकले. रानजाई, तुमच्या पहिल्या वेळी असं काही केलं असतं तर कदाचित गोळा-खड्डा झाला नसता. 'कदाचित' अधोरेखित.

खडकीपलीकडे

कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत काही वर्षं काम केलंय. तिथे बऱ्याच म्हाताऱ्यांची नाकं बसलेली असतात. औषधाने रोग बरा होऊन जमाना झाला, पण नाक बघून लोक अजून लांब सरकतात. त्यांना बरगडी-कवटीचा उपयोग होतो का?

मुठेकाठी

याच प्रश्नाची वाट बघत होते, कारण पहिल्या प्रतिसादापासून आपण सगळे ग्राफ्ट, ग्राफ्ट (म्हणजे दुसरीकडून उचलून बसवलेला हाडाचा, कूर्चेचा तुकडा) करतोय आणि इथे नुसता ग्राफ्ट घातला तर हमखास फसतो.

कुष्ठरोगात बाहेरची कातडी बहुधा शाबूत असते. जंतू आतल्या अस्तरात माजतात, पडद्याची कूर्चा आणि नाकाच्या पायथ्याचं हाड खातात, आणि अस्तर व्रण होऊन आकसतं. ते बाहेरच्या कातडीला आतून धरून मागे ओढतं, नाक चेहऱ्यात गिळल्यासारखं दिसतं. बाहेरून वाटतं की हाड गेलंय, हाड घाला. हाड घातलं तर त्याला पुढे यायला जागाच नाही, आतून दोर बांधलेला. जोर केला तर अस्तर फाटतं, हाड तोंडाकडून उघडं पडतं, पू होतो.

हॅरल्ड गिलीज यांनी पहिल्या महायुद्धानंतर, सिफिलिसच्या नाकांसाठी, यावर तोड काढली. वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन आत जायचं, आकसलेलं अस्तर पूर्ण सोडवायचं, म्हणजे नाकाची कातडी मोकळी होऊन पुढे येते. मग आत जी पोकळी झाली तिचा साचा घ्यायचा, त्यावर पातळ कातडी गुंडाळून आत बसवायची, ती चिकटली की नवं अस्तर तयार. त्यात आधाराला कायमचा साचा ठेवायचा, दंतवैद्य करून देतो तसला. आपले नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली शिकून आले आणि पुण्याच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात आणि पुढे मुंबईत जे. जे. मध्ये त्यांनी कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्यांवर अशी कामं केली. त्या काळी कित्येक डॉक्टर या रोग्यांना हात लावायला तयार नसत.

तेव्हा तुमच्या आजोबांना उपयोग होईल, पण आधी अस्तर, मग गरज पडली तर आधार. आणि कायमचा साचा दिला तर तो धुवून परत बसवायला हाताला बोटं धड हवीत, हेही बघावं लागतं.

काळाकातळ

गिलीज निघालेच आहेत तर स्प्रेक्ली आठवतो. इंग्रज लेफ्टनंट, १९१७ मध्ये नाक गमावून गिलीज यांच्याकडे आला. बरगडीची कूर्चा आधी कपाळाच्या कातडीखाली पुरून ठेवली, तिथे रुजल्यावर कातडीसकट खाली आणली. सुरुवातीला नाक इतकं प्रचंड दिसलं की सहकाऱ्यांनी टर उडवली. सूज उतरली, जादा भाग काढला आणि गिलीज यांच्या उत्तम कामांत ते गणलं गेलं. आधीचे-नंतरचे फोटो सहज सापडतात. म्हणजे पुण्याच्या कपाळाला बरगडी जोडायला सव्वाशे वर्षं लागली.

शेवगा

मी बराच वेळ नुसता वाचत होतो. वडील सत्तरीचे, सातारा जिल्ह्यात असतात. उजव्या नाकपुडीवर बरी न होणारी जखम होती, तपासणीत बेसल सेल कर्करोग निघाला. काढून टाकल्यावर रुपयाच्या नाण्याएवढं आरपार भोक पडेल म्हणाले. कपाळाची कातडी आणि कानाची कूर्चा, तीन टप्पे. दोन गोष्टी कळल्या नाहीत. एक, नाकपुडीचा थोडा चांगला भाग शिल्लक राहतोय, तोही कापणार म्हणतात. का? दोन, तीन वेळा भूल कशाला, एकदाच का नाही? वडील म्हणतात भोकावर पट्टी लावून राहीन, मला कुठे लग्न करायचंय.

चिमटा

शेवगा, बेसल सेल सहसा दुसरीकडे पसरत नाही, हा दिलासा आधी घ्या. पण कडा पूर्ण स्वच्छ आल्याचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय पुन्हा नाक बांधायला घेऊ देऊ नका. नव्या कातडीखाली रोग राहिला तर कळायला उशीर होतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९८५ पासूनचं आहे. बर्गेट आणि मेनिक या अमेरिकन सर्जननी नाकाचे नऊ हिस्से मानले: कणा, शेंडा, दोन्ही नाकपुड्या वगैरे. उजेड आणि सावली या हिश्श्यांच्या सीमेवर बदलते. एखादा हिस्सा अर्ध्याहून जास्त गेला असेल तर उरलेला काढून अख्खा हिस्सा एकाच कातडीने करायचा, म्हणजे व्रण सावलीत लपतो. अर्धी जुनी, अर्धी नवी ठेवली तर ठिगळ दिसतं. हा नियम आंधळेपणाने पाळायचा नसतो, पण नाकपुडीला तो बहुधा लागू पडतो.

तीन टप्प्यांचं असं की आरपार भोकात कपाळाची कातडी पूर्ण जाडीची आणावी लागते, ती सुरुवातीला जाडजूड दिसते. तीन-चार आठवड्यांनी ती परत उचलून आतून पातळ करतात, कूर्चा तेव्हा घालतात किंवा आधी घातलेली कोरून नीट करतात. आणखी तितक्याच आठवड्यांनी भुवईजवळची, तोवर रक्त पुरवणारी कातडीची दांडी कापतात. मधल्या काळात तो सोंडेसारखा भाग कपाळावरून नाकावर लोंबत असतो. घरच्यांना, विशेषतः लहान मुलांना, आधी सांगून ठेवा. कपाळाची जखम वर पूर्ण मिटली नाही तर ती आपोआप भरून येते, त्याला घाबरू नका.

मुठेकाठी

वडिलांच्या म्हणण्याला मात्र मान द्या. सत्तरीत तीन वेळा भूल झेपते की नाही हे हृदय-फुफ्फुस तपासून ठरेल, आणि झेपली तरी नको म्हणण्याचा त्यांना हक्क आहे. सिलिकॉनचं काढता-घालता येणारं नाक हाही धड पर्याय आहे, चिकटवायचं किंवा चुंबकावर बसवायचं. ट्युको ब्राहे हा खगोलशास्त्रज्ञ १५६६ च्या द्वंद्वानंतर जन्मभर धातूचं नाक लावून फिरला आणि आकाशातले तारे मोजत बसला. लोक सोन्या-चांदीचं म्हणायचे, अलीकडे हाडांची तपासणी झाली तेव्हा पितळेच्या खुणा सापडल्या.

पण करायचं ठरलं तर एक अट माझी. बिडी, तंबाखू, मिश्री यातलं काय चालू आहे ते खरं सांगायला लावा. 'ओढत नाही' म्हणणारे पुष्कळ आजोबा मिश्री लावतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि कपाळाची ती कातडी एकाच बारीक रक्तवाहिनीवर जगते. निदान महिनाभर आधी बंद, आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत बंद.

शेवगा

मिश्री आहे. आईसुद्धा लावते, दोघांची एकच डबी. बघतो.

खर्चाचं कुणाला माहीत आहे का? आणि वडिलांना चष्म्याशिवाय दिसत नाही, तो कधी लावता येईल?

चिमटा

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग असेल तर तिथे आधी दाखवा. जनआरोग्य योजनेत नेमकं काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून विचारा. कर्करोग काढणं आणि नाक बांधणं हे वेगवेगळं धरलंय की एकत्र, हे भरती व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

चष्मा नव्या कातडीवर आणि त्या दांडीवर अजिबात टेकू द्यायचा नाही, रक्तपुरवठा दाबला जातो. दांडी कापून जखम भरेपर्यंत चष्म्याच्या मधल्या पुलाला चिकटपट्टी लावून तो कपाळावरून लोंबता ठेवतात. पण त्यांच्या कपाळावरच जखम असेल, तेव्हा चिकटपट्टी कुठे लावायची ते ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना विचारा. काही जण टोपीच्या कडेला दोऱ्याने बांधतात. कान कुठला घेणार तेही विचारून ठेवा, त्या बाजूची काडी पहिले काही दिवस टोचेल.

रानजाई

शेवगा, गांधी टोपीच्या कडेला चष्मा उत्तम बसतो. आमच्या वॉर्डात एका काकांनी तसाच पेपर वाचलेला पाहिलाय.